माहेराहून आलेला ससा

सशाचा मागचा उजवा पाय पहिल्यांदा घसरला तेव्हा मी सशाकडे पाहिलं नाही, सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. एवढंच मला पुरे झालं. ओसरीत वाटी पडली तरी जिला "काय पडलं वं" असं विचारल्याशिवाय राहवत नाही, तिला एक जनावर धप्पकन कुशीवर पडलेलं ऐकू येत नाही, हे मी मानायला तयार नव्हते.

माझा स्वभाव संशयी आहे. मागून कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगून टाकते. लहानपणी आई म्हणायची, ही पोरगी दूध पिण्याआधी पेल्यात बोट बुडवून पाहते. पाहायचेच मी. एकदा त्यात मुंगळा निघाला होता, ते मात्र आई कुणाला सांगायची नाही.

ससा माझा होता, म्हणजे अल्लीपूरचा, माझ्या माहेरचा. माझे वडील तिथे शाळामास्तर. हिंगणघाटच्या कुठल्याशा साहेबाची बदली झाली, त्याच्या बायकोला ससा आगगाडीतून न्यायचा नव्हता, म्हणून तो वडिलांच्या गळ्यात पडला आणि वडिलांनी तो माझ्या परकरात टाकला. पांढराशुभ्र, कानांच्या आत गुलाबी. मी तेव्हा चौथीत होते. त्याला नाव ठेवलं नाही. ससा म्हटलं की यायचा, म्हणजे त्याच्या मनात असलं तर यायचा. लग्न ठरलं तेव्हा मी वडिलांना एकच अट घातली, ससा माझ्याबरोबर येणार. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून एखादी आत्या नाहीतर मावशी जाते. माझ्याबरोबर आत्याही गेली आणि वेताच्या टोपलीत ससाही गेला. वरात पिपरीला पोचली तेव्हा बायका मला पाहायला नाही, टोपलीत पाहायला वाकल्या.

पिपरी तेव्हा खेडंच होतं. वर्धा जवळ, पण मध्ये शेतं. आमचे हे वर्ध्याला कचेरीत कारकून, रोज सायकलनं जात. तेव्हा आम्ही जुन्या मध्यप्रदेशात होतो आणि कचेरीतले सगळे साहेब राजधानीच्या, म्हणजे नागपूरच्या, तोंडाकडे पाहून हिंदी बोलायचे, म्हणून घरी आल्यावरही यांच्या तोंडात अर्धं हिंदी असायचं. घरात आम्ही तिघंच. सासरे मी येण्याआधीच गेलेले.

सासूबाईंनी टोपलीत डोकावून पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "घरात उंदरं काय कमी हायेत, का हा मोठा आनला?" बायका हसल्या. मी नवी नवरी, मान खाली घालून उभी होते, पण ते वाक्य मी मनात जपून ठेवलं. पुढे त्यांनी सशाला स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला. देवाची खोली तर दूरच. त्याला त्यांनी कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. वाटेत आला तर पदर सावरून बाजूनं जायच्या.

तर तो पाय. पहिल्या दिवशी घसरला, मग रोज घसरायला लागला. सारवलेल्या जमिनीवर तो उडी घ्यायला जाई आणि मागचं अंग एका बाजूला वाहत जाई. मग डावा पायही तसाच झाला. पुढचे दोन पाय जागचे ठणठणीत आणि मागचं धूड त्यांच्यामागे ओढत यायचं. मी त्याचे पाय चाचपून पाहिले. सूज नाही, जखम नाही. मग मी घरातल्या वस्तू तपासायला लागले. पाट जागेवर आहे का, मुसळ कुठे टेकवलं आहे, मागच्या दाराच्या फळीला पांढरे केस चिकटले आहेत का. माझ्या डोळ्यांसमोर दिसायचं की मी विहिरीवर गेले आणि इकडे पाट फेकला गेला.

"आत्याबाई, सशाले काही लागलं का?" मी सासूबाईंना एकदा विचारलंच. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"म्हातारा झाला तो," त्या म्हणाल्या. "मले काय इचारतं? माहेच गुडघे उठू देत नाई."

म्हातारा झाला, मला कळत होतं. पण मी अल्लीपूरहून आणला तेव्हा तो अंगणभर पळत होता, आणि या घरात एक वर्ष झालं नाही तर म्हातारा झाला. मी शेजारणीवरही संशय घेतला. तिनं एकदा ससा पाहून सहज विचारलं होतं, "किती शेर भरत असन हा?" तिच्या मांजरावर घेतला. फाटकाबाहेर गोट्या खेळणाऱ्या सगळ्या पोरांवर घेतला. पण फिरून फिरून माझं मन चुलीपुढेच येऊन बसायचं.

त्यानंतर लघवीचं सुरू झालं. आधी तो कोपऱ्यात एकाच जागी जायचा, मोठा शिस्तीचा प्राणी. आता बसल्या जागी गळायचं. मागचं सगळं अंग ओलं, पोटाखालचे केस पिवळे पडून चिकटलेले, आणि वास असा की हे जेवायचं ताट उचलून बाहेर अंगणात बसायला लागले. मी दिवसातून कितीदा कोमट पाण्यानं त्याला पुसायची, राखेनं जमीन पुसायची. पुढे पुढे ते पाण्यासारखं यायचंच बंद झालं. तो पाठ कमानीसारखी करून बसायचा, दात करकर वाजवायचा, आणि बऱ्याच वेळानं एक पांढरा दाट गोळा टाकायचा. तो वाळला की जमिनीवर चुन्याचा डाग पडल्यासारखं दिसे. बोटानं चोळलं तर भुकटी.

आणि सासूबाई काही बोलत नव्हत्या. हेच मला सगळ्यात जास्त खुपत होतं. जी बाई माझ्या भांडी घासण्याला नाव ठेवते, पदराच्या टोकाला नाव ठेवते, तिच्या सारवलेल्या जमिनीची नासाडी चालली होती आणि तिच्या तोंडातून शब्द नाही. याचा शेवट जवळ आला आहे हे ज्याला माहीत असतं तोच असा गप्प बसतो, असं मला वाटलं.

यांच्याकडे मी टुमणं लावलं. हे म्हणाले, "अगं, सशाचा कोणी इलाज करतं का? केळझरकडच्या जंगलात सोडून देऊ, सुखानं मरेल." मी त्या दिवशी जेवले नाही. मला दिवस गेलेले होते, त्यामुळे न जेवण्याला घरात मोठी किंमत होती. दुसऱ्या दिवशी यांनी अर्धी रजा टाकली. सायकलच्या मागे मी, माझ्या मांडीवर पिशवीत ससा, आणि कनवटीला कागदाची पुडी. जमिनीवरची ती पांढरी भुकटी मी खरवडून बांधून घेतली होती, पुरावा म्हणून.

वर्ध्याच्या ढोरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे एक लंगडा बैल आणि दोन बकऱ्या होत्या. बैलवाल्यानं पिशवीत पाहून विचारलं, "खायाचा हाये का?" मी तोंड फिरवलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं की ससा त्यांनी कॉलेजात पाहिला होता, त्यानंतर आजच. पण माणूस प्रामाणिक होता. पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली, मागचे पाय दुमडून सोडले, पोट चाचपलं. मग पुडीतली भुकटी बोटांत चोळली.

"याला चुना कोण देतं?" त्यांनी विचारलं.

मी यांच्याकडे पाहिलं. हे बैलाकडे पाहायला लागले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पाय वयानं गेले आहेत, कणा झिजला, ते काही परत यायचे नाहीत. पण सशाच्या पोटात गेलेला जादा चुना लघवीवाटे बाहेर पडतो, आणि हा तर हलत नाही, पाणी कमी पितो, म्हणून तो चुना आत गाळासारखा साचला आहे. लघवी मोकळी झाली नाही तर हा फार दिवस काढणार नाही. चुना बंद करा, दूध देत असाल तर तेही बंद करा, ओली हरळी द्या, पाणी पाजत राहा. आणि पोट दाबून गाळ कसा काढायचा ते त्यांनी मला हात धरून दाखवलं, तळहात दोन्ही बाजूंनी ठेवून हलकेच मागे न्यायचे.

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "घरात चुन्याची डबी एकाच माणसाजवळ आहे."

सासूबाई तंबाखू खायच्या. चुन्याची डबी त्यांच्या कमरेलाच.

"माय?" हे म्हणाले. "तू पागल झाली का? माय काऊन देईल सशाले चुना?"

"ते मी शोधीन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, "आत्याबाई, मी विहिरीवर जाऊन येते, कपडे फार आहेत." फाटकातून गेले, शेजारणीच्या अंगणातून वळले आणि आमच्याच घराच्या मागे आले. तिथे चुलीसाठी पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या, कापूस वेचून झाल्यावर उपटतात त्या काड्या. त्यांच्या आडोशाला मी बसले. काड्या पाठीत टोचत होत्या, पण मागची ओसरी तिथून स्वच्छ दिसत होती.

सासूबाई बाहेर आल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अगदी चोरासारखं त्यांनी पाहिलं, यात माझ्या मनाची भर काही नाही. मग आत गेल्या आणि सशाला घेऊन आल्या. ज्या बाईनं त्याला कधी हात लावला नव्हता ती त्याला खाकेत धरून आली. खाली बसून त्यांनी दोन्ही पाय लांब पसरले, लुगडं गुडघ्यावर घेतलं आणि ससा पायांवर उताणा ठेवला, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना ठेवतात तसा. वाटीतलं तेल घेतलं. त्याच्या मागच्या पायांना वरून खाली तेल चोळायला लागल्या. एक पाय ओढायचा, दुमडायचा, पोटाकडे न्यायचा. मग दुसरा. ससा निमूट पडला होता. माझ्या हातात तो कधी असा पडला नाही.

आणि त्या त्याच्याशी बोलत होत्या. "उठ रे राजा. असा बसून राह्यला तं कसं होईन. तू नाई उठला तं मंग माहा काय मान राह्यला."

मग त्यांनी पदराखालून बोंडलं काढलं. लहान मुलाला चोचीनं दूध पाजायचं पितळेचं भांडं असतं ना, ते. त्यात दूध होतं, आणि शेजारच्या पेल्यातून त्यांनी वरचं निवळ पाणी अलगद त्यात ओतलं. पेल्याच्या बुडाशी पांढरा चुना बसला होता. बोंडल्याची चोच त्यांनी सशाच्या ओठांत घातली.

मी पऱ्हाट्यांतून उठले. "काय पाजून राह्यल्या तुमी त्याले?"

सासूबाई दचकल्या, पण बोंडलं सांडू दिलं नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अवं, तू तिथं काऊन बसली? पोटुशी बाई, आन् पऱ्हाट्यात. इच्चू असते तिथं. निंग आधी बाहेर."

"ते मंग पाहू. हे काय आहे?"

"निवळी हाये. चुन्याची."

"काऊन पाजता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे. "पायासाठी. अजून कायसाठी? तुह्या नवऱ्याले तिसरं वरीस लागलं तरी पाय नोते. बसून घसरत जाये. लोक पांगळा म्हनत, माह्या तोंडावर म्हनत. मी त्याले याच बोंडल्यानं दुधात निवळी पाजली आन् अशीच मालिश केली. पाह्य आता, सायकल चालवते तो. हाडं चुन्यानं भरते, सगळ्याइले मालूम हाये."

माझ्याकडे इतके दिवस गोळा केलेलं सगळं होतं, पाट, मुसळ, फळी, उंदराचं वाक्य, आणि त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?" मी विचारलं.

"तू मले त्याच्याजवळ येऊ देतं का?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी उठली का तुहे डोळे माह्या मागं. मी त्याच्याजवळून गेली का तू त्याले उचलून घेतं. माह्या हातचं तू त्याले खाऊ देल्लं असतं का, सांग बरं."

दिलं नसतं. मी ते तोंडानं कबूल केलं नाही, पण नाकारलंही नाही. मी खाली बसले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, सगळं, शब्दाला शब्द. पाय वयानं गेलेत. लघवीचा कोंडमारा चुन्यानं होतो आहे. हे असंच राहिलं तर तो मरेल.

सासूबाईंनी बोंडलं जमिनीवर ठेवलं. सशाच्या पोटावर तेलाचा हात तसाच राहिला. मग म्हणाल्या, "म्हंजे तो मी पाजलं त्यानंच कन्हते?"

"हो," मी म्हटलं. मला खोटं बोलता आलं असतं. पण ससा माझा होता, आणि चुना बंद व्हायला हवा होता.

लोक मला सांगतात, संशयानं घर बुडतं. मी म्हणते, मी संशय घेतला नसता तर त्या बाईनं प्रेमानं त्याला त्याच आठवड्यात मारलं असतं. हे मी आजही म्हणते आणि मला त्याची लाज वाटत नाही. ज्याची वाटते ते पुढे आहे.

त्याच दुपारी आम्ही दोघींनी मिळून त्याचं पोट दाबलं. मी दोनदा करून पाहिलं, पण काही आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, सरक. त्यांनी तळहात ठेवले, डोळे मिटले आणि सावकाश मागे नेले. आधी तो दाट पांढरा चिखल आला, पुष्कळ आला, ससा किंचाळला आणि माझ्या मनगटाला चावला, आणि मग मागोमाग पाणी आलं, नुसतं पिवळं पाणी, धार. सासूबाई रडत होत्या. मीही रडत होते, चाव्याच्या निमित्तानं.

ससा वाचला. पाय आले नाहीत, ते यायचेच नव्हते. पण तो खायला लागला, कान उभे करायला लागला, पुढच्या दोन पायांवर ओसरीभर स्वतःला ओढत हिंडायचा. आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी मी पुसायची, दुपारी सासूबाई. हरळी त्या नाल्याच्या काठावरून खुडून आणायच्या, धुवून, ओलीच ठेवायच्या.

मात्र त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली. सशाला काहीही द्यायचं असलं की आधी ती वाटी माझ्यापुढे आणायच्या. "पाह्य, पानीच हाये." "पाह्य, हरळी हाये नुसती." मी म्हणायला हवं होतं, आत्याबाई, हे काय करता, द्या सरळ. मी तसं म्हटलं नाही. मी वाटीत पाहायची. एकदोनदा तर बोट बुडवून पाहिलं, आणि त्या तोपर्यंत वाटी धरून उभ्या राहिल्या. यांनी ते एकदा पाहिलं आणि सायकल पुसायला निघून गेले.

चैत्रात मी बाळंतपणाला अल्लीपूरला गेले. ससा न्यायचा माझा विचार होता, पण त्या उन्हात बैलगाडीत तो जगला नसता. निघताना मी सासूबाईंना सगळं पुन्हा बजावलं, दूध नाही, चुना नाही, ओली हरळी, पाणी. त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, "फिकर नको करू. तू सुखानं येजो."

मुलगा झाला. बाळ पाहायला हे आले तेव्हा दारातच त्यांच्या तोंडावरून मला कळलं. ससा गेला होता, वैशाखात. आईनं यांना खूण केली, बाळंतिणीला रडवू नका. मी रडले नाही. आतल्या आत मात्र तोच एक प्रश्न फिरत राहिला, आणि सव्वा महिना तो मी सांभाळून ठेवला.

पिपरीला परत आले. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आम्ही ओसरीत बसलो. शेजारणी येऊन बाळाला पाहून गेल्या. घर रिकामं झालं तेव्हा मी विचारलं, बाळाविषयी नाही, दुसरं काही नाही, तेच विचारलं.

"शेवटी त्याले काय पाजलं होतं?"

"पानी," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून खाल्लं नाई त्यानं. माह्या मांडीवर होता. दोन घोट घेतले आन् मान टाकली." आणि पुढे म्हणाल्या, "शेजारनीले बलावलं होतं. तिले वाटी दाखवून मंग पाजलं. तू नोती ना पाहाले."

टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं मला कधी कमी पडली नाहीत. पण त्या टोमणा मारत नव्हत्या. घरात आता अशी रीत आहे आणि ती आपण पाळली, एवढंच त्या सांगत होत्या. मरत्या जिवाला दोन घोट पाणी द्यायला माझ्या सासूनं साक्षीदार बोलावला होता, माझ्यासाठी. मला इतकी लाज वाटली की त्यांच्या तोंडाकडे पाहवेना.

बाळ कुरकुरायला लागलं. सासूबाईंनी हात पुढे केले नाहीत, नुसत्या पाहत बसल्या. मी बाळ उचलून त्यांच्या पसरलेल्या पायांवर ठेवलं, तेलाची वाटी जवळ सरकवली आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन विहिरीवर गेले. फाटकाशी माझी मान आपोआप मागे वळायला लागली होती. मी ती वळू दिली नाही.